आपापल्या मापाचा घास

अवधूताच्या २४ गुरूंत मासा आहे. जिभेपायी तो गळाला लागतो. उतारवयात हा गुरू आपल्याला रोज पानावर भेटतो बरं का!

मग सगळ्यांना पथ्य एकच का? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! तेव्हा फोंडाघाटातही शेजाऱ्याला सोसणारा भात आपल्याला सोसेलच असे नाही. कुणाला नाचणीची भाकरी मानवते, कुणाला पेज. रक्ततपासणी आणि डॉक्टरांचा सल्ला घेऊन आपले माप ठरवावे.

पण म्हातारपणी स्वतःच्या खाण्याचा एवढा विचार करणे हा स्वार्थ नव्हे का? सुनेला रोज वेगळा स्वयंपाक करायला लावला, तर आहेच. मात्र त्याच भांड्यातले कमी वाढून घेतले, जेवल्यावर देवळापर्यंत चालून आले, तर कुणाला त्रास? उलट जिभेचे लाड आपण करायचे नि आजारपणात जागरण तिने करायचे, हा खरा स्वार्थ.

अवधूताने स्वतःच्या देहालाही गुरू मानले. त्याचे ऐकावे. दत्तजन्माचा सुंठवडा चिमूटभरच मिळतो, तरी मन भरतेच ना?

श्री गुरुदेव दत्त!