तीन मिलिलिटर

टूडी इको करताना एक रेघ मी हाताने ओढते. पडद्यावर हृदयाचा डावा कप्पा करड्या ठिपक्यांतून उघडझाप करत असतो. तो पूर्ण फुगला की चित्र थांबवायचं, आतल्या कडेने रेघ फिरवायची. पूर्ण आकसला की पुन्हा तेच. असं दोन कोनांतून. पुढचं मशीन करतं: काकडीच्या करतो तशा कप्प्याच्या २० चकत्या पाडून त्यांच्या आकारमानाची बेरीज. याला सिम्पसनची पद्धत म्हणतात.

त्या दिवशी पन्नाशीतले एक रिक्षावाले काका होते. फुगलेला कप्पा १५० मिलिलिटर, आकसलेला ९६. म्हणजे दर ठोक्याला ३६ टक्के रक्त बाहेर. औषधं चालू असूनही हा आकडा ३५ किंवा त्याखाली राहिला, तर छातीत शॉक देणारं यंत्र बसवायचा विचार होतो, हृदय अचानक थांबून माणूस जाऊ नये म्हणून. मुलगी फाइल घेऊन दारात उभी होती. "ताई, पस्तीसच्या खाली आला तरच मंजुरी मिळेल म्हणतात."

दुसरी रेघ केसभर बाहेर सरकवली असती, तर ९६ चे ९९ झाले असते. ३४ टक्के. तीन मिलिलिटर, चहाच्या चमच्याहूनही कमी.

आणि ही रेघ अशी काय पवित्र आहे? कप्प्याची आतली भिंत गुळगुळीत नसते, मांसल दोऱ्यांनी खडबडीत असते. कड नेमकी कुठे धरायची यावर दोन अनुभवी माणसांचंही एकमत होत नाही. प्रोब जरा तिरका लागला की कप्पा आखूड दिसतो. एकच चित्रफीत दोघांनी मोजली तर पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो. धोकाही काही ३५ च्या उंबऱ्यावर थांबत नाही, तो हळूहळू चढतो. मी ३४ लिहिलं असतं, तर ते खोटं ठरवायला कुणाकडेही पुरावा नव्हता. या विचाराने मी जरा हरखलेच, हे कबूल करते.

अडलं ते इथे. माझी रोजची चूक आंधळी असते. कधी आत जाते, कधी बाहेर. पेशंटचं नाव बघत नाही. ही चूक नाव बघून होणार होती. आज मुलीकडे बघून रेघ बाहेर सरकवणारी मी, उद्या खर्च वाचवू पाहणाऱ्या कुणाच्या सांगण्यावरून ती आतही सरकवेन. शिवाय यंत्र म्हणजे बक्षीस नव्हे. जंतुसंसर्ग, नको तेव्हा बसणारा शॉक, हेही त्यासोबत येतं.

मी ३६ लिहिलं. खरं तर '३१ ते ४१' लिहायला हवं होतं, पण रकान्यात एकच आकडा मावतो. म्हणून शेऱ्यात मोजणीतली शंका नोंदवली आणि एमआरआय सुचवला. आकारमानासाठी तीच कसोटी मानतात. मुलीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे अजून एक तारीख."

संध्याकाळी एमआरआय बघणाऱ्या मित्राला फोन केला. तो हसला. "आमच्याकडेही वाद आहेच. आतले पॅपिलरी स्नायू कप्प्यात धरायचे की भिंतीत? त्यावर काही मिलिलिटर इकडेतिकडे होतात."

काकांना तारीख १८ दिवसांनंतरची मिळाली. तोवर ते रिक्षा चालवणार होते का, हे मी विचारलं नाही.