वेगळ्या खोलीचे ऋण



२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवराची साथ पसरली. मालेगाव, भिवंडीतही मुले आजारी पडली, काही दगावली. तेव्हा जो तो विचारत होता : आईबापांनी लस का दिली नाही? प्रश्न योग्य आहे. पण तापाने फणफणलेल्या लेकराच्या उशाशी तो विचारून काय साधणार? चूक कोणाचीही असो, लेकराचा शुश्रूषेचा हक्क त्यामुळे कमी होत नाही.

गोवराचा विषाणू रोगी खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. पुरळ उठण्याआधी चार दिवस आणि नंतर चार दिवस हा रोग दुसऱ्याला लागतो. म्हणून रोग्याला वेगळे ठेवावेच लागते. पण यात हित कोणाचे? रोग त्याला झालेलाच आहे. वाचतो ते आपण. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे तत्त्वज्ञ कान्ट सांगतो. आपल्या सुरक्षेसाठी एखाद्याला खोलीत बसवले, की त्याचे ऋण आपल्यावर चढते.

ते फेडायचे कसे? गोवराच्या विषाणूवर खास औषध नाही, म्हणून शुश्रूषेलाच मोल आहे. डॉक्टर 'अ' जीवनसत्त्वाचा डोस लागोपाठ दोन दिवस देतात. त्याने डोळे जपले जातात, जिवाचा धोका घटतो. पाणी, पातळ अन्न, अंगावरचे दूध चालू ठेवावे. श्वास जोरात चालू लागला, मूल पिईनासे झाले किंवा गुंगीत गेले, तर तडक दवाखाना गाठावा.

आपल्याकडे गोवर म्हणजे देवीचा कोप मानून काही घरांत औषध थांबवतात. दाराशी कडुलिंबाचा पाला बांधल्याने परका माणूस बाहेरच थांबतो, ते बरेच. पण डॉक्टरही बाहेर थांबला तर लेकराने कोणाकडे पाहावे?

ज्यांना पूर्वी गोवर होऊन गेला आहे किंवा लसीचे दोन्ही डोस झाले आहेत, त्यांनी सेवेला पुढे व्हावे. बाकीच्यांनी त्या घराची बुडालेली रोजी आठवून उंबऱ्याशी पीठ-डाळ ठेवावी. ऊसतोडीहून परतलेल्या शेजाऱ्याच्या मुलाचा नऊ महिन्यांचा किंवा दीड वर्षाचा डोस राहिला असेल, तर त्याला आशाताईंकडे घेऊन जावे. आजाऱ्याची विचारपूस हे दयेचे कृत्य आहेच; साथीच्या दिवसांत ते न्यायाचेही आहे.

आपला,
धर्मगुरू