दैवाचे स्थान पाचवे

एकच इंजिन असलेल्या लहान विमानातून आपल्या माणसांना घेऊन आकाशात जाणारा वैमानिक, विमानात पक्का बसवलेला रेडिओ सुस्थितीत असतानाही, मुठीत मावेल असा दुसरा रेडिओ जेव्हा आपल्या पिशवीत ठेवतो, तेव्हा त्याचे हे कृत्य वरवर पाहता यंत्रविद्येच्या कक्षेतले वाटले, तरी त्याच्या मुळाशी एक फार जुना धार्मिक प्रश्न उभा असतो. ईश्वरावर ज्याची निष्ठा आहे त्याने संकटाची आगाऊ तरतूद करणे, हा त्या निष्ठेतला उणेपणा समजावयाचा काय? खाजगी वैमानिकांची सर्वांत मोठी वस्ती असलेल्या अमेरिकेत स्वतःचे विमान हौसेने चालवणाऱ्यावर अशा दुसऱ्या रेडिओची सक्ती कायदा करीत नाही, आणि तसा हुकूम नसल्यामुळेच हा प्रश्न मला विचारार्ह वाटतो. कारण दंडाच्या भयाने केलेल्या तरतुदीतून मनुष्याचे इमान कळत नाही, मुभा असताना त्याने काय केले यावरून ते कळते.

प्रसंग कोणता, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. सेस्ना १७२ सारख्या विमानाचा अल्टरनेटर बंद पडला तर इंजिन थांबत नाही, कारण त्याच्या ठिणग्या बॅटरीवर अवलंबून नसलेल्या दोन मॅग्नेटोंकडून येतात, आणि तेही दोन मुख्यतः यासाठी की एक निकामी झाला तर दुसऱ्याने काम निभावावे. विमान उडत राहते. परंतु बॅटरीतली शिल्लक साधारण अर्ध्या तासात, आणि वैमानिकाच्या वेळीच ध्यानात न आल्यास त्याहूनही लवकर, संपुष्टात येते, आणि मग विमानाची वाणी व श्रवण ही दोन्ही लोपतात. रात्रीची वेळ असेल, खाली ढगांचा थर असेल, किंवा पुढे एखाद्या गजबजलेल्या विमानतळाची हद्द असेल, तर हे मौन किती जड होत असेल याची कल्पना करता येते.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची करणे, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. या गणनेतील क्रमाकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते. दैव नाकारलेले नाही. पण त्याला पहिल्या आसनावरही बसवलेले नाही. स्थान, कर्ता, साधन आणि प्रयत्न या चौघांनी आपापला वाटा उचलल्यानंतर जे उरते ते दैवाचे. आणि पहिल्या चौघांपैकी एकाचा भार आळसाने पाचव्याच्या माथी टाकणे हे भक्तीचे लक्षण नसून हयगयीचे आहे. शंकराचार्यांनी करण या पदाने श्रोत्रादी इंद्रिये घेतली आहेत. तोच अर्थ धरला तर रेडिओ म्हणजे वैमानिकाच्या श्रोत्राचा आणि वाणीचा आकाशातील विस्तार होय, आणि इंद्रियांची निगा राखणे हे साधकाचे कर्तव्य असेल तर त्यांच्या या विस्ताराची निगा त्यातून वगळता येणार नाही.

येथे शरणागतीचा पक्ष घेणारा सज्जन आक्षेप घेईल, आणि त्याचा आक्षेप हलका नाही. रामानुजीय परंपरेतील वडकलै आणि तेंकलै या दोन शाखांमध्ये याच मुद्द्यावर शतकानुशतके वाद झाला: माकडिणीचे पोर आईला आपल्या हातांनी घट्ट धरून असते, तसा जीवाने स्वतःचा काही यत्न केला पाहिजे, असे एकांचे म्हणणे, मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते, तसा ईश्वरच जीवाला उचलतो, असे दुसऱ्यांचे. तेंकलैंच्या या भूमिकेत जी आर्त निरहंकारिता आहे तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण ती मोक्षाच्या वाटेवरची भूमिका आहे, आणि तिथे जीव एकटाच आपल्या स्वामीसमोर उभा असतो. शेजारच्या आसनावर बसलेले मूल, किंवा त्याच धावपट्टीकडे येणाऱ्या दुसऱ्या विमानातील अनोळखी माणसे, यांच्या वतीने परस्पर शरण जाण्याचा अधिकार वैमानिकाला कोणी दिलेला नाही. दुसऱ्याचे प्राण ज्याच्या हवाली केले आहेत त्याने पिल्लाचे निश्चिंतपण आचरावे, असे कोणत्याही आचार्याने सांगितल्याचे मला ठाऊक नाही.

जोड साधन ठेवावे हे एकदा मान्य झाले की ते कसले असावे हा प्रश्न येतो, आणि माझ्या मते खरी परीक्षा इथेच आहे. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सच्या २३२ क्रमांकाच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतील इंजिनाचा पंखा फुटला. त्या विमानात नियंत्रणासाठी एकाला दुसरी आणि दुसरीला तिसरी अशा तीन हायड्रॉलिक यंत्रणा होत्या. परंतु शेपटीपाशी तिन्हींच्या नळ्या जवळजवळ असल्यामुळे एकाच आघाताने तिन्ही निकामी झाल्या. उरलेल्या दोन इंजिनांची शक्ती कमीअधिक करीत वैमानिकांनी ते विमान सू सिटीपर्यंत कसेबसे आणले, आणि २९६ जणांपैकी १८४ जण वाचले. संख्येने तीन असूनही ती तरतूद त्या एका जागी एकच ठरली. ऋणकोच्याच घरचे अन्न खाणारा जामीन हा जसा जामीन नव्हे, तसे मूळ साधनाच्याच आधारावर जगणारे जोड साधन हे जोड साधन नव्हे. हातातल्या रेडिओचे मोल त्याच्या सामर्थ्यात नसून त्याच्या अलिप्ततेत आहे: त्याची वीज त्याची स्वतःची, अँटेना स्वतःची, आणि विमानाच्या विजेच्या तारांशी त्याचे कोणतेही नाते नाही.

ही अलिप्तता कशी राखावयाची, ते निवडीच्या तपशिलातच ठरते. पुन्हा भारित होणारी लिथियमची बॅटरी हलकी आणि टिकाऊ खरी, पण महिनोन्महिने पिशवीत पडून राहिली तर ती हळूहळू रिकामी होते. उलट बाजारात कुठेही मिळणाऱ्या साध्या एए सेलवर चालणारा संच, किंवा असे सेल घालण्याचा जादा डबा, संकटाच्या वेळी अधिक विश्वासू ठरतो, मात्र सेल आत ठेवून वर्षानुवर्षे विसरता कामा नये, कारण ते पाझरतात. जाहिरातीत पाच किंवा सहा वॉट असा जो आकडा असतो तो शिखरशक्तीचा. वाहक लहरीची शक्ती दीड-पावणेदोन वॉटच्या आसपासच असते, आणि धातूच्या कॉकपिटमध्ये आखूड रबरी अँटेनेतून ती बाहेर पडता पडता आणखी क्षीण होते. म्हणून जादा वॉटच्या मागे लागण्यापेक्षा विमानाच्या बाहेरील अँटेनेला जोडता येईल अशी केबल आधीच बसवून घेणे शहाणपणाचे. त्याहून महत्त्वाची गोष्ट हेडसेटची. इंजिनाच्या गर्जनेत त्या चिमुकल्या स्पीकरचा आवाज ऐकू येणे दुरापास्त असते. तेव्हा नेहमीचा हेडसेट ज्यात थेट बसतो असा स्पोर्टीज पीजे२ सारखा संच घ्यावा, नाहीतर योग्य अ‍ॅडॅप्टर रेडिओला कायमचा जोडून ठेवावा. युरोपात उडणाऱ्याने ८.३३ किलोहर्ट्झ अंतराच्या चॅनेलांवर चालणाराच संच घेतला पाहिजे. दिशादर्शनाच्या जादा सोयी ढगांतून उडणाऱ्याला उपयोगी पडतील; इतरांनी कमी बटणांचा संच पसंत करावा.

हे तपशील मी धर्मचर्चेत आणले, याचे कारण असे की त्यांच्याविना हा रेडिओ केवळ ताईत होऊन बसतो. विकत घेतला, पिशवीत टाकला, आणि तो तिथे आहे एवढ्यानेच मन निर्धास्त झाले, तर त्या वस्तूवरचा विश्वास आणि गंडेदोऱ्यावरचा विश्वास यांत तत्त्वतः काहीच फरक राहत नाही. साधनाची उपासना त्याच्या देखभालीत आणि सरावात असते. ज्याने तो कधी चालू करून पाहिला नाही, त्याने दैवावर विसंबणे सोडले असेल, पण त्या जागी त्याने आणले काय? एक निर्जीव मूर्ती, आणि तीही पूजेवाचून.

कोणी म्हणेल, पूर्वीची माणसे रेडिओशिवायच उडत होती. खरे आहे: १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओ नव्हताच. पण त्यांच्या आवाजाची वाट पाहत कोणी आपल्या विमानाचा मार्ग ठरवीत नव्हते. आज नियंत्रकाशी बोलून जो त्याच्या हद्दीत शिरतो तो एक वचन देतो, की मी ऐकत राहीन आणि उत्तर देईन. त्या वचनाच्या भरवशावर इतर विमानांचे अंतर राखले जाते. दुसरा रेडिओ हे त्या वचनाच्या पालनाचे साधन आहे, आणि माझ्या दृष्टीने हेच त्याचे सर्वांत मोठे समर्थन होय.

आता शेवटचा आक्षेप नैयायिकाचा. दुसऱ्याला तिसरा, तिसऱ्याला चौथा, अशी मालिका सुरू झाली तर अनवस्थादोष येतो. मग थांबावयाचे कुठे? माझे उत्तर असे की ही मालिका वस्तूंपाशी संपत नाही, कर्त्याच्या अंगी मुरलेल्या विद्येपाशी संपते. दोन्ही रेडिओ गेले, पण वीज शिल्लक असली, तर ट्रान्सपाँडरवर रेडिओ बंद पडल्याचा ७६०० हा संकेत लावता येतो. तीही नसली तर विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यावरून येणाऱ्या प्रकाशाकडे पाहता येते. स्थिर हिरवा म्हणजे उतरण्यास परवानगी, स्थिर लाल म्हणजे इतरांना वाट देऊन घिरट्या घालीत राहा, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ धोक्याचा आहे, उतरू नका. हे ज्याला पाठ आहे आणि ज्याने मार्गात उतरण्याच्या जागा आधीच हेरून ठेवल्या आहेत, त्याने चारही कारणांचे देणे चुकते केले. त्यापुढचे वादळ, त्यापुढचे धुके, हा दैवाचा प्रांत. तिथे हात जोडणे हे दुबळेपण नव्हे, आणि तिथे केलेली प्रार्थना पळवाटही ठरत नाही.

तेव्हा वैमानिक वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या उड्डाणापूर्वी, विमान अजून जमिनीवर असताना, तो रेडिओ पिशवीतून बाहेर काढा, सेल तपासा, हेडसेट जोडा, आणि स्थानिक नियमांना मुभा असेल तिथे मनोऱ्याला एकदा विचारून घ्या की माझा आवाज स्पष्ट येतो काय. स्पष्ट येत नसेल, तर त्याचा बंदोबस्त करून मगच उड्डाण करा.