दर्भाचा कावळा

घरातील वडीलधारे माणूस गेले की आपण त्याची तसबीर भिंतीवर लावतो, हार घालतो, तिथीला पान वाढतो आणि स्मरण घडले असे समाधान मानतो. या समाधानात वावगे काही नाही. परंतु स्मरण खरोखर घडले हे कशावरून ओळखावे, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी आपल्यापेक्षा अधिक कठोरपणे विचारला होता. दहाव्या दिवशी पिंड ठेवून आप्त बाजूला उभे राहतात आणि कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवेना, तर मृताची कोणती इच्छा राहिली असेल याचा विचार करून कोणीतरी पुढे होतो आणि सर्वांदेखत ती पुरी करण्याचे वचन देतो. तरीही कावळा आला नाही, तर अखेरीस दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. या विधीवर श्रद्धा असो वा नसो, त्यामागील विचार मोलाचा आहे. स्मरणाची कसोटी येथे स्मरण करणाऱ्याच्या मनात ठेवलेली नाही. ती एका स्वतंत्र पाखराच्या मर्जीवर सोपविली आहे आणि वचनाशी, म्हणजे कृतीशी, बांधली आहे.

आम्ही या विचारापाशी आलो ते आमच्या आजोबांमुळे. बडोदे संस्थानच्या महसूल खात्यात ते कारकून होते. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य झाले. आजोबा कारकूनच राहिले. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी उभारलेल्या कमाटीबागेत ते रोज पहाटे जात आणि घरी परतल्यावर पंचांगाच्या समासात पेन्सिलीने एखादी ओळ लिहीत. सावर फुलली. कडुलिंबाला मोहर आला. कोकिळ प्रथम ओरडला. चातक आला. अशी चाळीसांहून अधिक पंचांगे त्यांनी मागे ठेवली. विलीनीकरणाच्या वर्षी परसात लावलेली एक खिरणीही ठेवली. आमचे गुजराती शेजारी तिला रायण म्हणतात. आजोबांच्या तोंडी दोन्ही नावे असत. खिरणी फार सावकाश वाढते. लावणाऱ्याने फळाची घाई करू नये, असेच ते झाड आहे.

कवीचे स्मरण त्याची कविता वाचून करता येते, गवयाचे त्याची ध्वनिमुद्रिका ऐकून. निसर्गावर प्रेम करणाऱ्या माणसाचे काय करावे? त्याने आपले म्हणून काही निर्माण केलेले नसते. जे त्याचे नव्हते त्याकडे तो आयुष्यभर पाहत राहिलेला असतो. अशा माणसाच्या तसबिरीकडे आपण तोंड केले की तो जिकडे पाहत होता, तिकडे नेमकी आपली पाठ होते.

आजोबांच्या जुन्या पंचांगांत गिधाडांची नोंद इतकी वारंवार येते की कंटाळा यावा. १९९०च्या दशकाच्या अखेरीस, कापऱ्या अक्षरात, एक ओळ आहे: या वर्षी गिधाड दिसले नाही. पुढल्याच वर्षी ते गेले. कारण त्यांस कधीच कळले नाही. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातो आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे दाखविणारे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. २००६ साली भारत सरकारने त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. या शोधात एका निवृत्त कारकुनाच्या ओळीचा काही वाटा नाही. तरीही ती ओळ आम्हांला मोठी वाटते. एखादा जीव नाहीसा झाल्याचे कळण्यासाठी, तो होता तेव्हा त्याच्याकडे पाहिलेले असावे लागते. ज्याने पाहिले नाही, त्याला गमावल्याचे दुःखही नाही.

आमची परीक्षा झाली ती वाड्याच्या निमित्ताने. जुना वाडा पाडून नवी इमारत उभारण्याचे ठरले. नकाशात खिरणीच्या जागी वाहने उभी करण्याची सोय होती. भावंडांपैकी काहींनी सुचविले, इमारतीला आजोबांचे नाव देऊ, दर्शनी भागात मोठी तसबीर लावू. काही म्हणाले, हे झाड म्हणजेच आजोबा; त्याला हात लावू देणार नाही. तिसरे म्हणणे धाकट्या काकांच्या घरचे होते. झाड ठेवले तर एक सदनिका कमी होते आणि प्रत्येकाचा वाटा घटतो. काकांचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालू आहे. आजोबांवर माया आमचीही आहे, पण ती आम्हांला परवडेल का?

पहिला पक्ष म्हणजे उघडच दर्भाचा कावळा. दुसरा वरकरणी उदात्त दिसतो. परंतु त्यातही खोट आहे. झाड म्हणजे आजोबा नव्हेत. तसे म्हटले की झाडाचीही आपण तसबीरच करतो, आणि आजोबांनी तर ते झाड म्हणूनच पाहिले होते. शिवाय असे म्हणणारे सारे सुस्थितीत होते. त्यांच्या स्मरणाची किंमत एका आजारी माणसाच्या घराने मोजायची होती. दुसऱ्याच्या ताटातील घास काढून पितरांचे पान वाढता येत नाही.

मग झाड मोठे की माणूस? तराजूत एवढ्या दोनच गोष्टी असत्या, तर आम्ही माणसाच्या बाजूने उत्तर दिले असते आणि आजोबांनीही तेच दिले असते, असे वाटते. परंतु हा प्रश्न अशा रीतीने मांडणे सोयीचे असते, कारण त्यात तिसरी गोष्ट झाकली जाते. ती म्हणजे उरलेल्यांची सोय. झाड राखून काकांचा वाटा पुरा ठेवता येत होता. फक्त बाकीच्या चार घरांनी आपला वाटा अधिक कमी करून घ्यायचा होता. बरीच कटुता होऊन अखेर तसे ठरले. त्या चारांतील एका भावाला हा आपल्यावर अन्याय वाटतो, आणि त्याच्या म्हणण्याचे पूर्ण खंडन आम्हांला करता आलेले नाही. ज्याला मृताच्या इच्छेचा अभिमान आहे त्याने तिची किंमत स्वतः द्यावी, एवढे मात्र आम्हांला स्पष्ट दिसते. ज्याने तो अभिमान कधी मिरविलाच नाही, त्याच्याकडून ती कोणत्या न्यायाने घ्यावी?

कोणी म्हणेल, एवढे करून झाडाला लावणाऱ्याचे नाव थोडेच ठाऊक असते? खरे आहे. चिकू मूळचा मध्य अमेरिकेचा. आपल्याकडे माळी त्याचे कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात. चिकू खाणाऱ्याला खालचा खुंट आठवत नाही, आणि खुंटाचे त्यात काही अडत नाही. अडीचशेहून अधिक वर्षे या भूमीत राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घराण्यांना हे समजायला कठीण जाऊ नये. आपण कुलवृत्तांत जपतो, सनदा जपतो, नावे जपतो. आपण ज्या खुंटावर वाढलो ती इथली माती, इथले पाणी, इथली झाडे. त्यांचे नाव मात्र आपल्या वंशावळीत नसते. पितृऋणाचा हिशेब मांडताना हे ऋणही त्यात धरले पाहिजे.

तिथीला पान वाढावे, हारही घालावा. मात्र त्या दिवशी स्वतःला दोन गोष्टी विचाराव्यात. गेलेले माणूस कोणाकडे पाहत होते? आणि ते अजून जागेवर राहावे म्हणून आपण आपल्या पानातले काय बाजूला काढले? दुसऱ्याचे उत्तर देता आले नाही, तर पिंडाला जे शिवले ते दर्भाचे होते, असे समजावे.