एका मिनिटाचा माणूस

आज एका माणसाला सावकाश मनासमोर आणायचं आहे. त्याचं नाव ड्र्यू ब्राउन, पण मुष्टियुद्धाच्या जगात त्याला सगळे बुंडिनी म्हणत. मोहम्मद अलीच्या कोपऱ्यात तो उभा असायचा आणि अधूनमधून सिनेमातही दिसायचा. पाठ टेकवून बसा. सिनेमाकडे आपण येऊच, आधी तो कोपरा पाहू.

रिंगच्या दोऱ्यांबाहेर दोन-चार माणसं उभी आहेत. त्यांच्या पायाशी बादली, बर्फ, स्पंज, पाण्याची बाटली. भुवई फाटली तर रक्त थांबवायला औषधात बुडवलेला कापूस, वरून चोपडायला व्हॅसलिन. मातीतल्या कुस्तीत पैलवान एकदा भिडला की वस्तादाला फक्त बाहेरून ओरडता येतं. इथे दर तीन मिनिटांनी घंटा होते, लहानसं स्टूल आत सरकतं आणि लढणारा माणूस एका मिनिटासाठी आपल्या माणसांच्या हाती येतो.

आता घड्याळाकडे बघून ते एक मिनिट मोजा. खरोखर मोजा, मी थांबतो.

किती लांबलं, पाहिलंत? आणि तरी किती अपुरं. सुरुवातीची काही सेकंदं धापा टाकण्यातच जातात. शेवटची दहा उरली की कोपऱ्यातल्यांना खाली उतरायची सूचना होते. मधल्या वेळात मुख्य प्रशिक्षक अँजेलो डंडी जखमा बघायचा, डावपेच सांगायचा. बुंडिनी बोलायचा. ओरडायचा, चिथवायचा, देवाचं नाव घ्यायचा, कधी चक्क रडायचा. त्या काळी जगज्जेतेपदाची लढत १५ फेऱ्यांची असे. म्हणजे लढत शेवटपर्यंत गेली तरी स्टुलावरची मिनिटं भरतात चौदा.

तुम्ही थकून बसला असताना कुणाचा आवाज कानाशी यावासा वाटतो? उत्तर लगेच शोधू नका. प्रश्न जवळ असू द्या आणि पुढे चला.

१९२८ साली फ्लोरिडात जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा खोटं वय सांगून कोवळेपणीच नौदलात गेला. पुढे व्यापारी जहाजांवर राबला. मग मुष्टियोद्धा शुगर रे रॉबिन्सनच्या गोटात वावरला आणि १९६३ मध्ये कॅशियस क्ले नावाच्या तरुणाकडे, म्हणजेच पुढच्या मोहम्मद अलीकडे आला. फुलपाखरासारखं तरंगायचं, मधमाशीसारखं डसायचं, ही जगप्रसिद्ध ओळ बुंडिनीच्या डोक्यातून निघालेली. फेब्रुवारी १९६४ मध्ये मायामीत तेव्हाचा जगज्जेता सनी लिस्टन याच्याविरुद्धच्या लढतीआधी वजन करण्याच्या वेळी दोघांनी ती एकत्र ओरडून म्हटली. आज ती सगळ्यांना अलीचीच वाटते. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी गाजताना बघणं, आणि ते बघूनही दुसऱ्या दिवशी बादली उचलणं, यावर क्षणभर रेंगाळा. मला तरी यात अपमान दिसत नाही. त्याने ते वाक्य देण्यासाठीच घडवलं होतं.

अपमान त्याच्या वाट्याला आले ते निराळे. अलीचा जगज्जेतेपदाचा पट्टा त्याने न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ५०० डॉलरला गहाण टाकला, दूर गेला, आणि अलीने त्याला पुन्हा जवळ केलं. १९७४ मध्ये किन्शासात, जॉर्ज फोरमनशी लढायला निघताना, बुंडिनीने आणलेला झगा अलीने नाकारला आणि वाद वाढला तेव्हा त्याला चापट मारली. लेखक नॉर्मन मेलर यांनी ते लिहून ठेवलं आहे. थोड्या वेळाने तोच बुंडिनी कोपऱ्यात जीव तोडून ओरडत होता, आणि आठव्या फेरीत फोरमन कोसळला.

एवढं मनात ठेवून आता पडद्याकडे वळू.

१९७१ चा 'शाफ्ट'. दिग्दर्शक गॉर्डन पार्क्स, नायक रिचर्ड राउंडट्री. हार्लेमच्या टोळीप्रमुखाची, बंपी जोनासची, भूमिका मोझेस गन यांनी केली आहे आणि त्याच्या हाताखालचा विली म्हणजे आपला बुंडिनी. सिनेमा लावलात तर एक करा: मुख्य नटावरून नजर काढा आणि शेजारच्या माणसावर ठेवा. मोठ्या माणसाच्या बाजूला कसं उभं राहायचं, किती पुढे, किती मागे, हे नटाला शिकवावं लागतं. बुंडिनीच्या अंगात ते आधीच मुरलेलं होतं. पार्क्स मुळात छायाचित्रकार. असं उभं राहणं त्यांच्या नजरेतून सुटलं नसणार, असं मला मनापासून वाटतं. पुढच्या वर्षी 'शाफ्ट्स बिग स्कोअर'मध्येही त्यांनी विलीला ठेवलं.

मग १९७७ चा 'द ग्रेटेस्ट'. अलीच्या जीवनावरचा सिनेमा, त्यात अली झालाय स्वतः अली आणि बुंडिनी झालाय बुंडिनी. डंडीच्या जागी मात्र अर्नेस्ट बोर्गनाइन हे नट. इथे जरा जास्त वेळ थांबा. तो कोपरा पुन्हा डोळ्यांपुढे आणा: माणसं काही खरी, काही सोंगाची. घंटा कॅमेऱ्यासाठी वाजते. जे शब्द एकदा जिवाच्या आकांताने निघाले, ते आता खुणेसरशी काढायचे आणि मनाजोगतं झालं नाही तर पुन्हा काढायचे. ज्या माणसाचं सगळं भांडवलच त्या क्षणी उसळणारी भावना, त्याला हे जड गेलं असेल की सोपं? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहतो. कधी वाटतं, तो कोपऱ्यातही प्रयोगच करत होता, अलीसाठी. कधी वाटतं, त्याला खोटं बोलताच येत नसावं.

२००१ मध्ये मायकेल मान यांच्या 'अली'त जेमी फॉक्सने बुंडिनी साकारला. पट्ट्याची लाज तिथे उघडी मांडली आहे आणि फॉक्सने ती आवरून धरलेली नाही. तो बघायला बुंडिनी नव्हता. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसला तो वारला. अखेरच्या आजारपणात अली त्याला भेटायला गेला आणि टॉवेलने त्याचा चेहरा पुसला, अशी आठवण बुंडिनीच्या मुलाने सांगितली आहे.

मृत्यूआधी दोन वर्षं, १९८५ मध्ये, स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या 'द कलर पर्पल'मध्ये त्याने एक इवलीशी भूमिका केली. अली १९८१ मध्येच निवृत्त झालेला, कोपरा उरलेला नाही. श्रेयनामावलीत त्याच्या वाट्याला आलंय ते गावाबाहेरच्या नाचगाण्याच्या अड्ड्यावरचं एक गिऱ्हाईक, बिननावाचं. तो अड्डा पडद्यावर आला की तिथे गाणाऱ्या शुग नावाच्या पात्राकडे सगळे बघतीलच. तुम्ही बाकांवरची माणसं एकेक करून बघा, आणि बुंडिनी सापडेपर्यंत दृश्य पुन्हा मागे घ्या.