घराचे तोंड कोणीकडे?



दूरदर्शनाचा संच घरी आणला म्हणजे प्रथम प्रश्न पडतो तो हा, की बैठकीच्या खोलीत तो ठेवावा कोठे? हा प्रश्न सुताराचा व वायरमनचा, उपदेशकाचा नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु घराचे तोंड कोणीकडे असावे ही गोष्ट शास्त्राने क्षुल्लक मानलेली नाही.

लोटाने आपला डेरा सदोमाच्या रोखाने दिला, असे उत्पत्तीच्या १३ व्या अध्यायात सांगितले आहे. तेव्हा तो नगराबाहेरच होता. परंतु १९ व्या अध्यायात पाहावे तो हाच लोट सदोमाच्या वेशीत बसलेला आढळतो. उलटपक्षी दानीएल परक्या राजाच्या चाकरीत, परक्या नगरात राहत होता. तथापि त्याच्या माडीच्या खिडक्या यरुशलेमेच्या दिशेने उघड्या असत, व तेथे तो दिवसातून तीनदा गुडघे टेकीत असे.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर बरीच वर्षे खेड्यात एखाद्याच घरी संच असे, व सारी आळी तेथे जमे. आता तो बहुतेकांच्या घरी आला आहे. त्याने पावसाचा अंदाज कळतो, शेतीची माहिती मिळते. २०१५ सालापासून शेतकऱ्यांसाठी डीडी किसान ही स्वतंत्र वाहिनीही आहे. तेव्हा संच हे पाप नव्हे. पण ज्या भिंतीला तो लागतो, तिच्याकडे खुर्च्या, खाट व सतरंजी ह्यांची तोंडे आपोआप फिरतात. वृद्ध आईची खाट मागे सरते. पाहुण्याशी बोलताना घरधन्याची दृष्टी त्याच्या खांद्यावरून पलीकडे जाते. सायंप्रार्थना मालिका संपेपर्यंत थांबते, आणि तोवर मुले झोपी जातात. देवाला कोणी नाकारले नाही. केवळ तोंड फिरले.

तर मग काय करावे? संच खिडकीच्या समोर किंवा खिडकीला पाठ करून ठेवू नये, कारण उजेडाने डोळे दिपतात. बाजूची भिंत बरी. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा, म्हणजे मान दुखत नाही. त्याच्या मागे हवा खेळू द्यावी, आणि लहान मुलाने ओढला तरी पडणार नाही असा तो पक्का बसवावा. एवढे तर कोणीही दुकानदार सांगेल. आमचे सांगणे पुढचे आहे. प्रथम मंडळी एकमेकांसमोर कोठे बसतील, आईची खाट कोठे राहील, मुले अभ्यासाला कोठे बसतील आणि प्रार्थनेची सतरंजी कोठे पडेल, हे ठरवा. मग उरलेल्या जागी संच ठेवा. खोली एकच असेल तर त्यावर कापडाचा पडदा करा, आणि प्रार्थनेच्या व जेवणाच्या वेळी तो ओढून घ्या. चाकराला घरात जागा असते, परंतु धन्याच्या आसनावर कोणी त्याला बसवीत नाही.

आज संध्याकाळी आपल्या दारात उभे राहून आत पाहा. जेथे सर्वांची तोंडे वळली आहेत, तेथे कोण बसला आहे? तेथे ख्रिस्त नसेल, तर भिंतीतला खिळा उपटणे काही कठीण काम नाही. प्रभू आपणां सर्वांस तशी सुबुद्धी देवो.