वहीतील आकडा आणि घरातील धम्म



कांदिवली-पोयसर भागातील आपल्या कुटुंबांना चर्च नवीन नाही. पोयसरचे चर्च पोर्तुगीज काळातले. मंडपेश्वर लेण्यांवर त्याच काळातील मठाचे भग्नावशेष आजही उभे आहेत. शेजारी ख्रिस्ती, आपण बौद्ध. दोघांच्याही घराण्यात कोणीतरी धर्म बदलला आहे. म्हणून एक प्रश्न दोघांनाही लागू पडतो. धर्मकार्य यशस्वी झाले, हे ठरवायचे कशावरून?

मिशनांचे पहिले माप नोंदवहीचे होते. बाप्तिस्मे किती, मंडळीचे सभासद किती, याचा अहवाल परदेशी जाई. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आले. प्रारंभी धर्मांतरे अगदी मोजकी झाली. पुढे अहमदनगरकडे काम वाढले आणि १८७६-७८ च्या दुष्काळानंतर अस्पृश्य वस्त्यांतून आकडा चढला. त्यातले सगळेच भाकरीसाठी गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु भुकेने आलेला आणि विचाराने आलेला, दोघेही वहीत एकाच ओळीत बसतात, हे खरे.

ही अडचण ख्रिस्ती विचारवंतांनाही जाणवली. जे. वॉस्कम पिकेट यांनी सामुदायिक धर्मांतरांवरील १९३३ च्या आपल्या ग्रंथात वेगळी पाहणी केली: धर्मांतरितांची भुताखेतांची भीती गेली का, दारू सुटली का? उलट डोनाल्ड मॅक्गाव्हरन यांनी १९५५ पासून मंडळीची वाढ हाच प्रमुख निकष मांडला. वाद आजही मिटलेला नाही.

आता जोतीराव फुल्यांचे उदाहरण घ्या. ते पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ख्रिस्ती झाले नाहीत. बाप्तिस्म्याच्या वहीत त्या शाळेच्या नावावर जोतीराव म्हणजे शून्य. पण त्या शिक्षणाचा उपयोग त्यांनी मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शाळांसाठी केला. हे फळ कोणत्या रकान्यात लिहिणार? दुसरीकडे, धर्मांतर करूनही ख्रिस्ती समाजात जात टिकून राहिली, हे बाबासाहेबांनी स्पष्टपणे दाखवून दिले. वहीत माणूस नवा, पंगतीत मात्र जुनाच!

आपली वही काय सांगते? १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध अवघे अडीच हजारांच्या आसपास होते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर १९६१ मध्ये सुमारे २७ लाख ९० हजार झाले. २०११ मध्ये ते ६५ लाखांवर गेले. हा आकडा क्षुल्लक मानू नका. १९९० पर्यंत बौद्ध म्हणवून घेणाऱ्याला केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती नव्हत्या. अशा काळात खरा धर्म लिहिणे हे धैर्याचे काम होते. आकडा आपल्या अस्तित्वाची साक्ष देतो. मात्र आचरणाची साक्ष तो देऊ शकत नाही.

ती साक्ष घरातच मिळेल. बाबासाहेबांनी नुसते त्रिशरण दिले नाही, बावीस प्रतिज्ञाही दिल्या. म्हणजे मोजपट्टी दीक्षेच्या दिवशीच हाती ठेवली. तेव्हा आपण स्वतःलाच विचारा: मूल आजारी पडले तर पाय दवाखान्याकडे वळतात की भगताकडे? पगाराच्या दिवशी दारूचा गुत्ता टळतो का? सोयरीक जुळवताना पोटजात विचारली जाते का? घरातील बाईला निर्णयात वाटा आहे का?

तथागतांनी पहिल्या साठ भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी चारी दिशांना पाठविले. किती माणसे आणायची, याचा आकडा त्यांना दिला नव्हता. येत्या पौर्णिमेला विहारात किती लोक आले ते अवश्य मोजा. घरी परतल्यावर मात्र वरचे चार प्रश्न कुटुंबात बसून विचारा, आणि उत्तर देताना मुलांनाही बोलू द्या. ती खोटे सांगणार नाहीत.

जय भीम!